साडीच्या आतला कुर्ता

नाच शिकायला मला घातलं होतं, आईला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या वसाहतीत पुढे या गोष्टीच्या इतक्या तऱ्हा फिरल्या की एकीत मी पहिल्याच दिवशी रडून पळून आले होते आणि दुसरीत आईने मला नुसतं निमित्त म्हणून पुढे केलं होतं. खरं एवढंच की मी तेरा वर्षांची होते, उंची भसाभस वाढली होती आणि ती लपवायला मी पोक काढून चालत असे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवरून हात फिरवून सांगितलं, "हिला काहीतरी व्यायाम लावा, नाहीतर नाच तरी शिकवा." मुलीला व्यायाम लावायचा म्हणजे नेमकं काय करायचं ते आईला सुचेना. नाच सुचला.

बाबा भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. मी पाळण्यात असताना ते दोघं साताऱ्याहून इथे आले. वसाहत कारखान्याचीच, सगळी क्वार्टर्स एकसारखी पिवळी, प्रत्येकामागे एक अंगण आणि बहुतेक अंगणांत एक पेरूचं झाड. दिवस भोंग्यावर चाले. पहिला भोंगा झाला की कुकर उतरायचा, दुसरा झाला की बाबांची सायकल फाटकाबाहेर पडायची, आणि मग स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आईचं शिलाईचं मशीन सुरू व्हायचं. घरात मराठी अगदी सोवळी. बाबा 'चम्मच' म्हटलेलं खपवून घेत नसत. दारापाशी मात्र हिंदी, आणि आईची हिंदी तिची तिनेच घडवलेली. भाजीवाल्याला ती आतून ओरडून सांगे, "भैया, जरा ठहरो, मैं आलीच." भोपाळकडून तिने सुरुवातीला मनापासून घेतलेली एकच गोष्ट, पोह्यांत बडीशेप. बाबा पहिली दोन वर्षं ती दाणा दाणा वेचून ताटलीच्या कडेला काढत. मग एकदा साताऱ्याला गेले असताना तिथल्या पोह्यांत काहीतरी कमी आहे म्हणाले, आणि आईला हसू आवरेना.

आईला मी साडीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. पहाटे उठायची ती साडीत, ताप येऊन पडली तरी साडीत. सलवार-कमीज वसाहतीत होतं, पण ते पंजाबी बायकांचं आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलींचं. लग्न झालेल्या मराठी बाईने ते घालू नये असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच पडली नव्हती.

कथक शिकवणाऱ्या कुसुमदीदी नेहरू नगरात राहत. त्या रायगढच्या आहेत एवढं ऐकून बाबा खूश झाले, आपल्याकडच्याच निघाल्या म्हणाले, आणि ते रायगढ दुसरंच, इकडे पूर्वेला आहे हे कळल्यावर थोडे हिरमुसले. दीदी पन्नाशीच्या, सडसडीत, एकट्या. बाहेरची खोली शिकवण्याची, जमिनीवर काही अंथरलेलं नाही, भिंतीला एक मोठा आरसा. तबल्याला कोटरा सुल्तानाबादहून एक मास्तर चालत येत. आम्हाला तिथे पोचायला वसाहतीची बस पकडून टी. टी. नगरला उतरायचं, तिथून टेम्पो करायचा. एवढ्या लांब मला एकटीला कोण सोडणार? म्हणून आई बरोबर यायची आणि तासभर दाराबाहेरच्या पायरीवर शिवण घेऊन बसायची. काजं करायची, हुक लावायची.

मी नाचात मठ्ठ होते. ता थेई थेई तत, आ थेई थेई तत, एवढंसं काम, पण माझा पाय दरवेळी भलतीकडे पडायचा. घरी आल्यावर आई पोळ्या लाटता लाटता मला सराव करायला लावी. "डावा, वासू, डावा. आत्ता डावा यायला हवा." तिची पाठ माझ्याकडे असायची. माझी चूक तिला नुसत्या आवाजावरून कळायची. तिला हे कुठून कळतं, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. त्या वयात आयांना सगळं कळतंच असं आपण धरून चालतो.

दीदींना मात्र तो प्रश्न पडला होता. तीनेक महिने झाले असतील. एकदा त्यांनी मध्येच तबला थांबवला, दारापाशी गेल्या आणि आईला म्हणाल्या, "भाभी, आपकी बेटी का पाँव यहाँ गलत पड़ता है और आपका वहाँ सीढ़ी पर सही पड़ता है. मुझे रोज़ दोनों सुनने पड़ते हैं. अंदर आ जाइए."

आई गोरीमोरी झाली. सुई तशीच बोटांत. "इस उमर में मेरे को क्या करना है, दीदी?"

"क्या करना है वह बाद में देखेंगे. उमर कितनी है?"

"छत्तीस."

"तब तो बहुत वक़्त है," दीदी म्हणाल्या. मग तिच्या साडीच्या काठाकडे बघत म्हणाल्या, "बस इसमें नहीं. इसमें पाँव ही नहीं दिखते. पाँव न दिखें तो मैं सिखाऊँ क्या?"

आई त्या दिवशी पायरीवरच परत जाऊन बसली. पण पुढच्या वेळी निघताना तिची साडी मला नेहमीपेक्षा फुगलेली दिसली. दीदींच्या घरी आतल्या खोलीत जाऊन ती बाहेर आली तेव्हा मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. जुन्या चादरीचा, स्वतः शिवलेला सरळ कुर्ता, खाली चुडीदार, ओढणी छातीवरून तिरपी घेऊन कमरेला गच्च बांधलेली. हे सगळं ती घरापासून साडीच्या आत घालून आली होती. साडीची घडी करून तिने ती पिशवीत ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिला कंबर आहे हे मला त्या दिवशी कळलं.

तो कुर्ता महिनाभर टिकला. दीदींनी आईला चक्कर शिकवायला घेतली आणि दुसऱ्याच फेरीला बाजूची शिवण काखेपासून खालपर्यंत उसवली. आई भिंतीला चिकटून उभी राहिली. दीदी हसल्या नाहीत. त्यांनी शिवणीत बोट घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "आपकी गलती नहीं. इसमें घेर ही नहीं है. मुन्ने मियाँ के पास जाइए."

मुन्ने मियाँ जुन्या शहरात, चौकाच्या मागच्या एका गल्लीत राहत. फार म्हातारे, दाढीला मेंदी. डोळे अधू झाल्यामुळे शिवणं सोडलेलं, पण तख्तावर बसून कुणालाही कापड बेतून द्यायचे. आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या सुनेने आम्हाला गार सरबत दिलं. मियाँनी विचारलं, कुणासाठी हवंय.

"बेटी के लिए," आई म्हणाली.

मियाँनी आईने आणलेलं कापड हातभर हातभर मोजलं, माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "बेटी तो बाँस जैसी है. यह कपड़ा किसी भरे बदन का है."

आईने पदर सारखा केला. मग म्हणाली, "मेरे लिए है."

"तो ऐसा कहिए ना." ते एकदम खुलले. सुनेला सांगून त्यांनी एक पत्र्याची पेटी काढायला लावली आणि तिच्यातून पिवळट मलमलीचं काहीतरी बाहेर काढलं. वर वीतभर, चोळीसारखी अंगाबरोबर बसणारी कमर आणि खाली नुसता घेरच घेर. त्याला पेशवाज म्हणतात, हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या वडिलांनी शिवलेला होता, मैफलीत नाचणाऱ्या एका बाईसाठी. ती न्यायला आलीच नाही. मियाँनी तो दोन्ही हातांनी वर धरून मनगट फिरवलं आणि तो छत्रीसारखा उघडला. त्यांनी आईला कळी म्हणजे काय ते दाखवलं, वर चिंचोळी आणि खाली रुंद पट्टी, अशा कितीतरी एकमेकींना जोडायच्या. चुडीदार उरेब का कापायचा, म्हणजे तिरपं कापड का घ्यायचं, तेही सांगितलं: तिरपं कापड ताणतं, पाय अडत नाही. "औरत घूमे और कपड़ा न घूमे, तो कसूर दर्ज़ी का," म्हणाले.

मग सरबताचा पेला हातात घेऊन त्यांनी जे सांगितलं ते मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं. त्यांच्या वडिलांच्या वेळी नवी बेतणी आधी नाचणाऱ्या बाया घालायच्या. बाहीची लांबी, गळ्याचा घाट, कमर किती वर, सगळं त्यांच्यापासून सुरू व्हायचं. आणि सहा महिन्यांत मोठ्या घरांतून कापड घेऊन दासी यायची. "कहती थी, बिल्कुल वैसा ही बना दो. पर नाम मत लेना कि किसका देखा."

आता मी सत्तरीकडे झुकले आहे आणि दुकानांतून हिंडताना मला मियाँची ती दासी सारखी दिसते. माझी नात घरभर जे अंगाला चिकटलेले लेगिंग्ज घालून फिरते ते मुळात नाचाच्या वर्गातले. तिचे ते सपाट, पुढे गोल, मऊ बूट म्हणजे परदेशी नाचणाऱ्या मुलींच्या पायांतले. लग्नात मुली शिवलेली नऊवारी हौसेने घालतात. ती आधी स्टेजवर लावणी करणाऱ्यांसाठी शिवत, कारण पडद्यामागे दोन मिनिटांत नेसून व्हायला हवी. कपडा मोकळा होऊन रस्त्यावर येतो तो बहुतेक वेळा ज्यांना हलायचं असतं त्यांच्या अंगावरून. पण दुकानदाराला विचारा, तो म्हणेल, नवीन फॅशन आहे.

घरी आल्यावर आईने वर्तमानपत्रावर कळ्या काढून पाहिल्या. जमेना. कळ्या जोडल्या की खालची कड वरखाली व्हायची. रविवार होता. बाबा चहाचा कप घेऊन तिच्या मागे उभे राहिले, बराच वेळ उभे राहिले, आणि म्हणाले, "अगं, हे नरसाळं आहे."

"काय?"

"पत्र्याचं नरसाळं करायचं तर पत्रा सपाट असताना कसा कापायचा, हे मी पंधरा वर्षं काढतोय. खालची कड सरळ कापशील तर खालीवर होणारच. ती गोलाईत हवी."

ते आतून टी-स्क्वेअर आणि कंपास घेऊन आले. कंपास पुरेना म्हणून सुतळीला खडू बांधला, एक टोक आईला फरशीवर धरायला लावलं आणि अंगणाच्या दारापर्यंत कमान मारली. सोळा कळ्या निघाल्या. वांगी रंगाचं पॉपलिन. आईने ते चार दुपारी बसून शिवलं आणि घालून अंगणात आली, पेरूच्या झाडापासून जरा लांब उभी राहिली आणि एक चक्कर घेतली. कापड सगळीकडून सारखं उघडलं आणि ती थांबल्यावर अर्धी फेरी जास्त जाऊन तिच्या पायांना लपेटलं. बाबा कानावर पेन्सिल ठेवून पायरीवर बसले होते. "बरोबर आलंय," म्हणाले आणि पेन्सिलने कागदावर एक टिक केली. नाचाबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. मला वाटतं, त्यांच्या लेखी तो प्रश्न कळ्यांबरोबरच सुटला होता.

आता सोळा कळ्यांचा कुर्ता आणि त्यावरून साडी. आई बसस्टॉपवर पिंपासारखी दिसे. वसाहतीतल्या मराठी मंडळाच्या महिला विभागाचं सगळं सरवटेकाकू बघत. हळदीकुंकू, गणपतीतले कार्यक्रम, कुणाकडे काय चाललंय ते. त्यांनी एकदा स्टॉपवर आईला बाजूला घेऊन अगदी मायेने विचारलं, "सुमनताई, काही विशेष आहे का? नाही, अशा दिवसांत दोन दोन बस म्हणजे..." आई लाल होऊन नुसतं 'नाही हो' म्हणाली. आम्ही दोघी त्यावर बसभर हसलो. तेव्हा आम्ही दोघी हसत होतो, हे मला लक्षात ठेवावंसं वाटतं.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. बसच्या पायऱ्या चिखलाने निसरड्या. टी. टी. नगरला आम्ही उतरत होतो, मी पुढे, आई मागे. तिचा एक पाय जमिनीवर पडला आणि साडी दाराच्या कडीत अडकली. बस हलली. आई दोन पावलं तिच्याबरोबर ओढली गेली, मी किंचाळले, कंडक्टरने शिट्टी मारली. बस थांबेपर्यंत साडी गुडघ्यापासून पार पदरापर्यंत फाटली होती. आईला काही लागलं नव्हतं. ती स्टॉपवर श्वास घेत उभी राहिली, लोक बघत होते, आणि तिने फाटलेल्या निऱ्या हातात धरून बघितल्या. मग तिथेच, उभ्या उभ्या, तिने साडी सोडली. सगळी फेडली, चार घड्या केल्या, पिशवीत टाकली, ओढणी कमरेला बांधली आणि म्हणाली, "चल, उशीर होईल."

त्या दिवशी ती फार सुंदर नाचली. दीदी तसं म्हणाल्या. मी काही पाहिलंच नाही, मला परतीच्या बसची धास्ती होती.

परतीच्या बसमध्ये आमच्या मागोमाग माझ्या वर्गातल्या दोन मुली चढल्या. मी खिडकीशी, आई माझ्या पुढच्या बाकावर, कारण एकत्र जागा मिळाली नव्हती. वांगी कुर्ता, घामाने मानेला चिकटलेले केस, पाठ ताठ. बसमधल्या बऱ्याच बायका तिच्याकडे वळून बघत होत्या. एक मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ये कौन हैं? तेरे साथ चढ़ीं ना?"

मी म्हणाले, "पड़ोस में रहती हैं. आंटी हैं."

आईची मान हलली नाही. पण तिचा हात पुढच्या बाकाच्या दांडीवर होता, तो तिने काढून मांडीत ठेवला. तिने ऐकलं होतं. वसाहतीच्या स्टॉपवर ती आधी उतरली आणि माझी वाट न बघता चालायला लागली. मला वाटलं रागावली. माझ्यामागून त्या दोघी मुली येत होत्या, आणि आई दहा पावलं पुढे चालली होती ती माझं बोलणं खोटं पडू नये म्हणून, हे मला कितीतरी नंतर, मी स्वतः आई झाल्यावर उमगलं.

घरी तिने थालीपिठं लावली, वर लोणी वाढलं, नेहमीसारखं. कुर्ता धुऊन वाळल्यावर डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवला. पुढच्या क्लासच्या दिवशी म्हणाली, "आज नको. माझा पाय दुखतोय." त्याच्या पुढच्या वेळीही पाय दुखत होता. बाबांनी काळजीने मालिशचं तेल आणलं, आणि ती रोज जेवणानंतर त्यांच्यासमोर बसून धडधाकट पायाला तेल चोळायची. बाबा विचारायचे, "उतरतंय का?" ती म्हणायची, "थोडं थोडं." मी पलीकडे वही उघडून बसायचे आणि एक ओळ वाचता येत नसे. मी तिला काही बोलले नाही. दोन आठवडे नाही बोलले.

तिसऱ्या रविवारी सरवटेकाकू आल्या होत्या. गणपतीच्या कार्यक्रमांची यादी हा विषय होता, पण चहाचा दुसरा घोट झाल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. "सुमनताई, राग मानू नका. परवा बसमध्ये तुम्हाला आमच्या शेजारणीने पाहिलं. तिकडे काय घालायचं ते घाला, पण येता-जाता जरा..." आई मान खाली घालून म्हणाली, "आता नाही जात हो मी. बंद केलंय." बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. कुसुमदीदी. दोन वाहनं बदलून, आमचा पत्ता विचारत विचारत, वसाहतीच्या भर रस्त्याने त्या चालत आल्या होत्या, अंगात क्लासमधलाच पांढरा घेरदार कुर्ता, चुडीदार, कमरेला बांधलेली ओढणी. त्या आत आल्या, सगळ्यांना नमस्कार केला, खुर्ची दिली तरी खाली बसल्या आणि आईला म्हणाल्या, "पाँव दिखाइए."

कुणीतरी निरोप दिला होता तर, पाय दुखतोय असा. आईने पाय मागे घेतला. दीदींनी तो धरून घोटा दाबला, टाच दाबली, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "पाँव तो ठीक है."

 मग मी बोलले. मी दारात उभी होते आणि मला रडू येत होतं, त्यामुळे मराठी आणि हिंदी सगळं एकात एक झालं. मी सांगितलं की पायाला काही झालेलं नाही, मीच बसमध्ये मैत्रिणींना सांगितलं ही माझी आई नाही, शेजारची आहे, आणि आईने ते ऐकलं. बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी मला आयुष्यात कधी मारलं नाही, पण ती नजर मला अजून आठवते. सरवटेकाकू साडीचा काठ नीट करू लागल्या.

आई म्हणाली, "मला माहितीय ते. जा, दीदींना चहा टाक."

"रुको," दीदी म्हणाल्या. त्यांनी मला हाताला धरून शेजारी बसवलं. आवाज अगदी साधा. "मेरे सगे भाई ने अपनी शादी में मुझे पड़ोसन बताया था. मैं चालीस लोगों की पूड़ियाँ बेल रही थी, किसी ने पूछा ये कौन हैं. उसने कहा, पड़ोस की हैं, हाथ बँटाने आई हैं." त्या थांबल्या. "उसने आज तक नहीं कहा कि मैंने कहा था. तूने दो हफ़्ते में कह दिया. चाय में चीनी कम डालना."

मी चहा टाकायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहून पोटभर रडले.  मी कप घेऊन बाहेर आले तेव्हा सरवटेकाकू खुर्चीतून पुढे वाकल्या होत्या आणि दीदींच्या कुर्त्याची खालची कड दोन बोटांत धरून बघत होत्या. "ही कड खाली-वर कशी होत नाही हो?" त्या आईला मराठीत विचारत होत्या. "मी मागे आमच्या मधूला परकर शिवला, नुसता लोंबत होता." आईने बाबांकडे पाहिलं. बाबा उठले, आत गेले आणि कळ्यांचं ड्रॉइंग काढलेली ट्रेसिंग पेपरची गुंडाळी घेऊन आले.

त्या पावसाळ्यात ती गुंडाळी किती घरांत फिरली याचा हिशेब नाही. आधी कॉलेजातल्या मुलींचे कुर्ते झाले, मग त्यांच्या थोरल्या बहिणींचे, मग कुणी म्हणालं घरात घालायला काय हरकत आहे, मग कुणी तोच कुर्ता घालून दूध आणायला गेलं. बाबांना संध्याकाळी बायका दारात गाठून विचारायच्या, बारा कळ्या घेतल्या तर कमान किती धरायची. ते फार गंभीरपणे सांगायचे. दिवाळीपर्यंत टी. टी. नगरच्या एका शिंप्याने काचेत तसा कुर्ता टांगला आणि खाली पाटी लावली, 'कॉलनी कट'. नाच कुठेच नव्हता त्या पाटीत. आईला मी ती दाखवली तेव्हा ती हसली आणि म्हणाली, बाही मात्र चुकलीय त्याची.

त्याआधी, श्रावणातच, गणपतीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं रिकामी आहेत, असं सरवटेकाकूंनीच येऊन सांगितलं. यादीत त्यांनी 'कथक' एवढंच लिहिलं होतं. मंडळाच्या अध्यक्षांना वाटलं मुलींचा नाच आहे. आईने नवा पोशाख केला नाही, तोच वांगी कुर्ता, ओढणी फक्त नवी, आणि पायांत घुंगरू. कोटऱ्याचे तबलामास्तर आले, दीदी स्टेजच्या कडेला मांडी घालून बसल्या. निवेदनाचा कागद माझ्या हातात होता, कारण मी नाच सोडला होता आणि माझा आवाज मोठा होता. कागदावर लिहिलं होतं, सौ. सुमन देशमाने कथक सादर करतील. मी ते वाचलं. मग कागदावर नसलेलं म्हणाले, "ही माझी आई आहे." मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. माझी पाठ ताठ होती, डॉक्टरीणबाईंनी पाहिली असती तर खूश झाल्या असत्या.

आई फार मोठी नर्तिका होती असं मी म्हणणार नाही. हात तिचे थोडे घाईचे होते, आणि तिसऱ्या चक्करीनंतर ती एका बाजूला झोकली गेली, तेव्हा समोरच्या दोन बायकांनी तोंडावर हात नेला. पण तिने पाय टेकला, मान वर केली, दीदींकडे पाहिलं आणि तिथूनच ठेका पुन्हा उचलला. बाबा तिसऱ्या रांगेत खुर्चीच्या अगदी टोकावर बसले होते. शेवटचा तोडा संपला तेव्हा त्यांना टाळ्या वाजवायचं सुचलं नाही, शेजारच्याने त्यांना कोपर मारलं.

स्टेजवरून उतरल्यावर तिने आत जाऊन साडी नेसावी अशी सगळ्यांची समजूत होती. सरवटेकाकूंनी त्यासाठी खोलीची किल्लीही आणून ठेवली होती. आई गेली नाही. ती आहे तशीच, घामाघूम, बायकांच्या पहिल्या रांगेत आली. दोघीतिघींनी सरकून तिला मध्ये जागा केली. तिने खुर्चीत बसून पाय समोर लांब केले. अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. वसाहतीची प्रगती, वर्गणी, पुढच्या वर्षाची मूर्ती. आईला त्यात काही रस नव्हता. तिने पाय जरा बदलला की घुंगरू वाजत, अध्यक्ष थांबत, चष्म्यावरून बघत आणि पुन्हा सुरू करत. मी मागून जाऊन तिच्या कानाशी वाकले आणि विचारलं, सोडू का गं?

"राहू दे," ती म्हणाली, आणि पाय पुन्हा बदलला.